धसईच्या वाचनालयातले बिघाड

धसई, ८ जानेवारी २०२५

सारू,

बाबाचा आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. "जेवलीस?" "जेवले. तुम्ही?" "जेवलो." "बरं." मग कोण आधी ठेवतो याची दोघंही वाट बघतो. आजचं काम त्यात बसणारं नाय, म्हणून लिहायला घेतलं.

काम वाचनालयाचं आहे. तुझी आई गेल्यावर घरात बसवेना म्हणून मी तिथली किल्ली मागून घेतली, हे तुला सांगितलंच होतं. तीन हजार चारशे बारा पुस्तकं आहेत. देणं-घेणं मी अजून वहीवर करतो, आणि वही एसटीच्या तिकीट-हिशोबाच्या वेबिलासारखी आखतो. तीस वर्षं कंडक्टरकी केली, हाताला दुसरं वळण नाय. आता तालुक्याच्या सभेत सांगितलं की सगळं कॉम्प्युटरवर घ्या. कॉम्प्युटर आलाय. त्यात कुठलं सॉफ्टवेअर टाकायचं, ते ठरत नाय.

एका कंपनीचा माणूस आला होता. टोकदार बूट घालून. बोलला, "काका, तुम्ही फक्त बटण दाबा, बाकी आमचं." मी विचारलं, उद्या तुमचं-आमचं फाटलं तर माझ्या पुस्तकांची यादी मला परत मिळेल का? तर हसला. मला ते हसणं आवडलं नाय. सभेत कोणी तरी 'कोहा' असं दुसरं नाव घेतलं. ते म्हणे सगळ्या जगाचं आहे, फुकट आहे, आत काय आहे ते कोणीही उघडून बघावं. तू त्रिशूरच्या कॉलेजात हेच काम करतेस. तेव्हा सांग, कुठलं घेऊ?

थंडी बरी आहे. वालाच्या शेंगा धरल्यात. तुला आवडतात म्हणून सांगितलं, बाकी काय नाय.

बाबा

*

त्रिशूर, १९ जानेवारी २०२५

बाबा,

नमस्कार. कितीतरी वर्षांनी माझ्या नावाचं पत्र आलं. ऑफिसातल्या लोकांना वाटलं कोर्टाची नोटीस आहे.

त्या माणसाला तुम्ही विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता. शिकलेसवरलेले लोक तो विचारायला विसरतात. कंपनीचं घेतलं तर सुरुवात सोपी. ते येतात, बसवून देतात, बिघडलं तर त्यांना फोन करायचा. पण आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि कंपनी उठून गेली की आपण लटकलो.

कोहा आमच्याकडे आहे, मी रोज त्यावरच काम करते. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगभरातले लोक मिळून ते सुधारत राहतात, मराठीही त्यात नीट चालतं. यादी तुमची, तुमच्याच कपाटात राहते. पण बाबा, फुकट आहे म्हणजे बिनकष्टाचं आहे असं नाही. ते बसवायला आणि अडलं-नडलं बघायला जवळ एक माणूस लागतो. मदत मिळते, मागायची कशी ते कळलं की भरपूर मिळते. तरी पहिले सहा महिने जाणत्या माणसाशिवाय हाल होतात. तुमच्याकडे असं कोणी आहे का? असेल तर कोहा घ्या. नसेल तर वाईट वाटून न घेता कंपनीचं घ्या.

वालाच्या शेंगा इथे मिळत नाहीत.

सारिका

*

धसई, ३० जानेवारी २०२५

सारू,

ठरलं. कोहा घेतो. टोकदार बुटाला काल मुरबाडच्या स्टँडवर चहा पाजून नाय म्हणून सांगितलं.

माणूस आहे का विचारतेस. आहे की! तू आहेस. माझी पोरगी जे रोज करते तेच मी घेणार. आता बसवायला कधी येतेस ते कळव. घाई नाय. पण लवकर कळव, म्हणजे वरची खोली झाडून ठेवतो. तुझ्या आईच्या पातळांची पेटी तिथं आहे, ती खाली आणीन.

बाबा

*

त्रिशूर, ११ फेब्रुवारी २०२५

बाबा,

तुम्ही कोहा निवडलंत याचा आनंद झाला. मला मात्र इतक्यात येता येणार नाही, मार्चअखेरपर्यंत रजा बंद आहेत. पण त्यासाठी तुमचं काम अडायचं कारण नाही.

कोहा वापरणाऱ्यांचा एक गट आहे, तिथे मी विचारलं. शहापूरच्या एका कॉलेजच्या लायब्ररीतल्या गिरजा भांगरे म्हणून आहेत, त्यांनी दोन-तीन वाचनालयांना असंच बसवून दिलंय. त्या २३ तारखेला, रविवारी, तुमच्याकडे येतील. मुलगी हुशार आहे आणि जवळची आहे. माझ्यासारखं इतक्या लांबचं माणूस मदतीला ठेवणं शहाणपणाचं नाही, हे मी तुम्हाला लायब्ररीयन म्हणून सांगते.

पेटी राहू द्या वर. जड आहे, एकट्याने उचलू नका.

सारिका

*

धसई, २ मार्च २०२५

सारू,

तुझी गिरजा येऊन गेली. पोरगी गोड आहे. सकाळी आली, संध्याकाळपर्यंत सगळं बसवून दिलं. तिला मी तांदळाची भाकरी आणि सुकटाचं कालवण वाढलं, तर बोलली, "काका, तुमी स्वतः केलंत?" नाय तर काय, सॉफ्टवेअरनं केलं?

ती गेल्यावर पुस्तकं भरायचं काम माझं. आठ दिवस बसलो, सहाशे भरली. आणि आता घोटाळा झालाय. पुस्तक परत आलं, नोंद केली, की पडद्यावर येतं: हे पुस्तक वाटेत आहे. पुस्तक माझ्या हातात आहे गो! मी त्याला दाखवलं सुद्धा, कॉम्प्युटरसमोर धरलं. तरी तेच, वाटेत आहे. काल मोजली, दोनशे चाळीस पुस्तकं वाटेत आहेत. एकही पोचत नाय.

गिरजाला विचारलं तर ती बोलली, "काका, शाखा किती भरल्यात?" मी सांगितलं, नऊ. कपाटं नऊ आहेत ना. तुला माहीत आहे, माझी कपाटं स्टॉपच्या नावानं आहेत. लहान पोरांचं मुरबाड, कारण गर्दी तिथंच चढते. कादंबऱ्या सरळगाव, शेतीची टोकावडे. कवितांचं कपाट माळशेज, तिथं कोणी उतरत नाय. गावातली पोरंसुद्धा "आजोबा, सरळगावचं एक द्या" असंच मागतात. कॉम्प्युटरनं शाखा विचारल्या, मी नऊच्या नऊ दिल्या. यात माझं काय चुकलं?

गिरजाला आता परीक्षांचा टाइम आहे. तुझा मार्च लागलाच, संपायला वेळ लागत नाय. येऊन बघून जा.

बाबा

*

त्रिशूर, १३ मार्च २०२५

बाबा,

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसात एकटीच मोठ्याने हसले. चूक अशी काहीच नाही, फक्त कोहाच्या भाषेत शाखा म्हणजे वेगळ्या गावातलं वेगळं वाचनालय. सरळगावच्या वाचनालयाचं पुस्तक मुरबाडला परत आलं, तर ते आधी सरळगावला पाठवायला हवं असं त्याला वाटतं. म्हणून ते म्हणतं, वाटेत आहे. तुमच्या टेबलापासून कपाटापर्यंतच्या चार पावलांत त्याने दोनशे चाळीस पुस्तकं प्रवासाला लावली.

गिरजाने मला इथून आत शिरायचा रस्ता करून ठेवलाय. काल जेवणाच्या सुट्टीत बसून मी नऊ शाखांची एक केली. स्टॉपची नावं तशीच ठेवलीत, पण आता ती कपाटांची नावं आहेत. माळशेजसकट. सगळी पुस्तकं पोचली.

म्हणजे माझं येणं वाचलं.

सारिका

*

धसई, ९ एप्रिल २०२५

सारू,

तू तिथं बसून इथलं दुरुस्त केलंस. शाबास. मी सकाळी वाचनालय उघडलं तर सगळं जागच्या जागी. कोणी येऊन गेल्यासारखंही वाटेना. चहा ठेवायचा तरी कोणासाठी?

असो. नवीन बिघाड. तारखा उलट्या झाल्यात. आपोआप. गुणाबाई भोईर पाच तारखेला पुस्तक घेऊन गेली. आठवड्यानं म्हणजे १२ एप्रिलला परत द्यायचं. तर तिच्या चिठ्ठीवर छापून आलं ०४/१२. आता महिना आधी आणि दिवस नंतर कोण लिहितं? गुणाबाईनं वाचलं चार डिसेंबर. ती खूश! शेजारणींनाही सांगत सुटली, आता डिसेंबरपर्यंत द्यायचं नाय. काल बाजारात चार बायकांनी मला धरून विचारलं, आमालाच फक्त आठवडा का?

हा बिघाड आतला दिसतो. लांबून होणार नाय असं मला वाटतं. गाडी बंद पडली की मेकॅनिकला गाडीजवळच जावं लागतं.

आंब्याला यंदा मोहोर बरा होता, कैऱ्या लागल्यात.

बाबा

*

त्रिशूर, १८ एप्रिल २०२५

बाबा,

तारखा सरळ केल्या. एका सेटिंगचा प्रश्न होता, दोन मिनिटं लागली. गुणाबाईंना समजावणं तुमच्याकडे.

पुढच्या वेळी अडलं तर मला लिहायच्या आधी कोहाच्या मेलिंग लिस्टवर विचारा, पत्ता गिरजा देईल. तिथे कोणीही काहीही विचारू शकतं. टपाल यायला दहा दिवस लागतात, ते लोक दहा तासांत उत्तर देतात. तुम्हाला माझ्यावाचून चालवता आलं पाहिजे, बाबा. तेच खरं शिकणं.

तब्येत कशी आहे, ते तुम्ही एकाही पत्रात लिहिलेलं नाही.

सारिका

*

धसई, २८ मे २०२५

सारू,

तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो नोकरीतही कुरकुरायचा.

तू सांगितलंस तसं मेलिंग लिस्टवर विचारलं. आपल्याकडे घरात कार्ड एक आणि वाचणारे पाच, त्याचं काय करायचं, असं विचारलं. इंग्रजी माझं तिकिटापुरतं, डिक्शनरी घेऊन दोन दिवस लिहिलं. सकाळी उघडतो तर दोन उत्तरं! एक न्यूझीलंडच्या माणसाचं, इतकं अदबीनं लिहिलेलं की मी उभं राहून वाचलं. दुसरं नागपूरच्या एका बाईचं, मराठीत. मला न बघितलेली, न ओळखणारी माणसं. मी कोण लागतो त्यांचा? सांगितलेलं करून बघितलं, झालं. तेव्हा आता मला तुझ्यावाचून येतं. तुझी इच्छा पुरी झाली.

आता पुढचं ऐक. गिरजानं माझं नाव उंबरमाळीकडे दिलंय. स्टेशनापासून वर चढून गेलं की ठाकरांची एक वाडी आहे. तिथं बाळीबाई म्हणून आहेत, अंगणवाडीतून रिटायर झालेल्या, साठीच्या पुढच्या. समाजमंदिराच्या खोलीत त्यांनी चारशे पुस्तकं जमवलीत. कोणी जुना कॉम्प्युटर दिला. गिरजा बोलली, काका, तुमी जाऊन बसवून द्या. मी! धसईहून मुरबाड, मुरबाडहून जीपनं कल्याण, पुढं गाडी आणि मग चढण. गेलो. बसवून दिलं. माझ्याच चुका मी तिथं होऊ दिल्या नाय.

पंधरा दिवसांनी फोन. "बंद पडलाय दादा, कायच दिसं नाय." गेलो. पडद्याचं बटण बंद होतं. आणखी दहा दिवसांनी परत फोन. परत गेलो. या वेळी वायरची पिनच भिंतीतून निघालेली. मी विचारलं, बाई, ही पिन कोणी काढली? तर बोलतात, "उंदरानं काढली आसंल." त्या उंदराचं वजन माझ्याएवढं पायजे गो! पिन अशी घट्ट की मलाच दोन हातांनी दाबावी लागली.

बाईंनी नाचणीच्या भाकऱ्या करून ठेवल्या होत्या, माठाची भाजी होती, करवंदं वेचून ठेवली होती. मी जेवलो. मग त्यांनी पोराचं सांगितलं. बुधू नाव, सुरतेला असतो, दोन होळ्या आला नाय. फोन करतो. "जेवलीस का विचारतो आन ठेवतो," बोलल्या. चार वाजेपर्यंत आमी बसलो होतो. कॉम्प्युटरकडे दोघांनीही बघितलं नाय.

उतरताना मी विचार करत होतो. फोन आला तेव्हाच मला कळलं होतं की काय बिघडलेलं नसणार. तरी मी तीन गाड्या बदलून गेलो. मला राग आला नाय. उलट बरं वाटलं, कोणाला तरी आपण यावं असं वाटतंय म्हणून. मग माझ्या मनात आलं, मी सारूला हेच का नाय सांगत?

तर सांगतो. इथं काहीही बिघडलेलं नाय. सगळं चालू आहे, तारखा सरळ आहेत, पुस्तकं पोचलेली आहेत. तू ये. नुसती ये.

बाबा

*

त्रिशूर, ९ जून २०२५

बाबा,

मला माहीत होतं.

तारखांचा बिघाड मी बघायला गेले तेव्हाच कळलं. कोहा सगळ्याची नोंद ठेवतं, तुमच्या वेबिलापेक्षा कडक. कोणी, कधी, काय बदललं ते त्यात लिहिलेलं असतं. तिथे होतं: पाच एप्रिल, सकाळी दहा बेचाळीस, लडकू देसले. आपोआप काही झालं नव्हतं. तुम्ही आत शिरून, ते पान शोधून, तारखा उलट्या केल्या होत्या. आणि ते पान शोधायला आमच्या इथल्या शिकाऊ मुलांना महिना लागतो, हेही सांगते.

मी ती ओळ कितीदा वाचली असेल. मला तुमचा राग आला नाही. मी तारखा सरळ केल्या आणि वाट बघत बसले, की पुढच्या पत्रात तरी तुम्ही 'ये' म्हणाल. आता म्हणालात. आणि आता माझ्याने निघवत नाहीये.

बाबा, मी त्या मंगळवारी घरी पोचले तेव्हा आईची चिता विझून गेली होती. ओट्यावर निम्मं गाव बसलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "आता कशाला आलीस?" बस्स, एवढंच. तेरा दिवस मी त्या घरात राहिले, आणि तुम्ही दुसरं एक वाक्य माझ्याशी बोलला नाहीत. मी भांडले नाही, कारण तुमचं खरं होतं. तुमचा फोन रविवारी आला होता. "आईला जरा बरं नाही, जमलं तर येऊन जा." सोमवारी आमच्याकडे तपासणीची समिती यायची होती. मी ठरवलं, एक दिवस काय होतंय, संध्याकाळी निघू. रविवारी निघाले असते तर आई भेटली असती. हा हिशोब मी अडीच वर्षं करतेय, रोज करतेय. आंघोळ करताना, बसमध्ये, तुमची पत्रं वाचताना.

मला यायचंय. वरच्या खोलीत झोपायचंय. तुमच्या हातचं सुकट खायचंय, गिरजाला ते मिळालं म्हणून मी तिच्यावर जळले, खोटं कशाला बोलू. पण घराच्या त्या ओट्यावर पाय ठेवायचा म्हटलं की तुमचं ते वाक्य कानात येतं. आणि मी तिकीट काढत नाही.

माफ करा.

सारिका

*

धसई, २१ जून २०२५

सारू,

तुझं पत्र येऊन दोन दिवस झाले. मी वाचनालय उघडलेलं नाय. लोक येऊन कुलूप बघून गेले.

तू मला माफ करा बोलतेस. आता जे लिहितो ते मी कोणाजवळ बोललेलो नाय. वाचून तुला काय करायचं ते कर.

तुझी आई रविवारी आजारी पडली नव्हती. ताप आधीच्या सोमवारपासून होता. गुरुवारी सकाळी ती मला बोलली, "सारूला बोलवा. मला ती बघायचीय." असं सरळ बोलली. मी बोललो, तापासाठी काय पोरीला हजार मैलांवरून आणतेस, तिथं तिच्या तपासणीची तयारी चाललीय, रविवारपर्यंत उतरेल. शुक्रवारी तिला कल्याणला दवाखान्यात नेली. गाडीतसुद्धा विचारलंन, "लावलात फोन?" मी हो सांगितलं. खोटं सांगितलं, सारू. मला वाटत होतं ती बरी होऊन घरी येईल, मग आपण हसू. शनिवारी दिवसभर तिचे डोळे दाराकडे होते. मी सांगत होतो, येतेय, वाटेत आहे. नर्सनंही विचारलं, कोणाची वाट बघताय? रविवारी डॉक्टर बाजूला घेऊन बोलले तेव्हा मी तुला फोन लावला. तेव्हाही मला सांगायची हिंमत झाली नाय. जरा बरं नाय बोललो. जमलं तर बोललो. तू समितीसाठी थांबलीस, कारण मी तुला थांबण्यासारखंच सांगितलं होतं.

तीन दिवस मी घालवले. तू एक घालवलास, तोही माझ्यामुळे.

मंगळवारी तू पिशवी घेऊन अंगणात आलीस. सगळे बघत होते. मला वाटलं आता ही विचारणार, बाबा, आधी का नाय सांगितलंत? तू विचारायच्या आधी मी तुलाच विचारलं. सगळ्यांसमोर तुझ्या माथी मारलं आणि मी सुटलो. तेरा दिवस तुझ्याशी बोललो नाय तो राग नव्हता. तोंड उघडलं असतं तर हेच बाहेर पडलं असतं.

त्यानंतर तुला बोलवायला मला तोंडच नव्हतं. मग कॉम्प्युटर आला. कंपनीचं घेतलं असतं तर त्यांचा माणूस आला असता. कोहाला जाणता माणूस लागतो असं तू लिहिलंस, त्याच दिवशी मी ठरवलं की हेच घ्यायचं.

माझी चूक होती. तुझी नव्हती, एका दिवसाचीही नव्हती. आता ये असं मी लिहीत नाय. लिहायचा हक्क राहिलेला नाय. पण तो रोजचा हिशोब तू बंद कर एवढं सांगतो.

बाबा

*

धसई, १९ जुलै २०२५

सारू,

पत्र मिळालं का? नुसतं मिळालं एवढं कळव. नाय कळवलंस तरी चालेल.

लावणी झाली. वाचनालय रोज उघडतो.

बाबा

*

त्रिशूर, ६ ऑगस्ट २०२५

बाबा,

मिळालं. जुलैच्या सुरुवातीलाच मिळालं. पाच आठवड्यांत मी तुम्हाला आठ पत्रं लिहिली आणि आठही फाडली. काहींत इतकं वाईट लिहिलं होतं की पोस्टमनच्या हातात द्यायची लाज वाटली.

आधी मी रडले. आईसाठी. ती दाराकडे बघत होती हे मला माहीत नव्हतं. मग एक दिवस सकाळी उठले तर लक्षात आलं, आंघोळ झाली, चहा झाला, आणि मी तो हिशोब केलाच नाही. अडीच वर्षांत पहिल्यांदा. मी खुर्चीत बसून राहिले. ऑफिसला उशीर झाला.

आणि मग राग आला. अजून आहे. मला तुमचा इतका राग आलाय बाबा, की तो कागदावर मावत नाही. तिने मला बोलावलं होतं. मला बोलावलं होतं आणि तुम्ही सांगितलं नाहीत, आणि वर मला ओट्यावर उभं करून विचारलंत. तुम्ही लिहिलंत म्हणून ते पुसलं गेलं असं समजू नका. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन की नाही तेही आज सांगता येत नाही.

पण या पाच आठवड्यांत मला एवढं कळलं की भांडायला मला दुसरं कोणी नाही. आईबद्दल मला विचारायचंय, ती शनिवारी काय काय बोलली, काय खाल्लं, कुठली साडी होती, आणि हे सगळं फक्त तुम्हाला माहीत आहे. ते मला टपालाने नको.

तिकीट काढलंय. २३ तारखेला, शनिवारी दुपारी मी मुरबाडला उतरते. न्यायला येऊ नका, मी येईन माझी. मी भांडायला येतेय हे आधीच सांगून ठेवते, आणि भांडण मोठं आहे, पंधरा दिवसांची रजा घेतली आहे.

सारू